मागे टेकडी हवी

पायाखालची माती वाळूसारखी भुसभुशीत आहे, दवाने भिजलेली. १८४५ चा उन्हाळा, मॅसॅच्युसेट्समधलं काँकर्ड, वॉल्डन तळ्याजवळचं अडीच एकरांचं शेत. अठ्ठावीस वर्षांचा एक अनवाणी माणूस घेवड्याच्या ओळी खुरपत पुढे चाललाय, तुम्ही त्याच्या मागे. एका कडेला येऊन तो थांबतो. इथे ओळी आहेत, पण पानं नाहीत. नुसते दांडे. पाव एकर कुणीतरी साफ करून टाकलाय.

कुणीतरी म्हणजे वुडचक. ग्राउंडहॉग हे त्याचंच दुसरं नाव. कूळ खारीचं, पण हा बिळात राहणारा, गुबगुबीत, आखूड पायांचा. लडाखला जाऊन आला असाल तर पँगाँगच्या वाटेवर पर्यटकांपुढे उभे राहणारे मार्मोट तुम्ही पाहिले असतील. त्यांचाच हा सखल मुलखातला भाऊबंद. (त्यांना बिस्किटं घालू नका. आपले लोक फार घालतात.) आणि हा खुरपणारा माणूस हेन्री डेव्हिड थोरो. याचा कायदेभंगावरचा निबंध पुढे गांधीजी वाचणार आहेत, पण घेवड्याच्या बाबतीत याचाही संयम सुटला. एक वुडचक त्याने मारला आणि प्रयोग म्हणून खाल्लाही. उग्र वास सोडला तर चव बरी लागली म्हणे.

आता दुसरं काँकर्ड. ही न्यू हॅम्पशर राज्याची राजधानी, साल १८८३. विधिमंडळाने चक्क वुडचक समिती नेमली आहे आणि तिचा अहवाल आलाय: या प्राण्यात कौतुक करावं असं काही म्हणजे काहीच नाही. मारलेल्या प्रत्येक वुडचकमागे दहा सेंट इनाम. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन धावत सुटली आहेत. इथे शिकण्यासारखं काही नाही, चला पुढे.

१९५२, जुलैतला शनिवार, पेनसिल्व्हेनियाचा पूर्व भाग. इथे मात्र मुक्काम करायचा, कारण शिकारीचा श्रीगणेशा तुम्ही इथेच गिरवणार आहात.

रायफल मोटारीतच ठेवा. टोपी काढा आणि दगडी घराच्या मागच्या दाराशी जा. पुढचं दार पाहुण्यांचं, कामाच्या माणसाने मागून यायचं. म्हातारा शेतकरी कॉफीचा कप हातात घेऊन बाहेर येतो. त्याचे पूर्वज जर्मनीतून आले. घरात अजून ती जुनी बोली चालते आणि तिच्यात या प्राण्याला म्हणतात ग्रुंडसाऊ, जमिनीतली डुकरीण. बोली टिकावी म्हणून १९३० च्या दशकापासून इकडे ग्रुंडसाऊच्या नावाने मंडळं आहेत. वार्षिक जेवणावळीत जो इंग्रजी शब्द बोलेल त्याला दंड. आपल्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी हा नियम जरूर उचलावा, गणेशोत्सवाचा खर्च निघेल.

"शेतात ग्रुंडसाऊ असतील तर मारायला परवानगी द्याल का?" तुम्ही विचारता.

म्हातारा तुमच्याकडे नाही, तुमच्या बुटांकडे बघतो. "चल, आधी दाखवतो."

गोठ्यामागे लाल फार्मॉल ट्रॅक्टर तिरका उभा आहे. त्याची पुढची दोन चाकं जवळजवळ असतात. काल दोन्ही मिळून एका बिळात गेली आणि म्हातारा जेमतेम सीटवर राहिला. यंत्राची पाती गवतात दडलेल्या मातीच्या ढिगात घुसून बोथट होतात, घोड्याचा पाय बिळात गेला तर मोडतो. वर धान्याच्या कोठारापर्यंत जाणारा मातीचा उतार खालून पोखरला गेलाय. आपल्याकडे घूस वाड्याचा पाया पोकळ करते, तीच तऱ्हा. तो एवढा का चिडलाय हे आता तुम्हाला कळतं. तो बिळांवर चिडलाय, चार घास चाऱ्यावर नाही.

आता बीळ वाचायला शिका. ताज्या मातीचा ढीग असेल ते मुख्य दार. जरा अंतरावर, गवतात, मातीचा कणही बाहेर नसलेलं दुसरं भोक दिसेल. ते आतून वर खणलेलं, पळून जायला. तोंडाशी माश्या घोंगावत असतील, ये-जा करून गवत दबलं असेल, तर घरमालक घरात आहे. कोळ्याचं जाळं असेल तर घर रिकामं. पण रिकामं म्हणजे वाया गेलेलं नाही. सोडलेल्या बिळांत ससे, कोल्हे, स्कंक राहतात. म्हातारा म्हणतो, "ती बुजवू नकोस. हिवाळ्यात ससे लागतात मला."

जुलै निवडला त्याला कारण आहे. ऑक्टोबरच्या सुमारास हा प्राणी झोपतो तो थेट फेब्रुवारी-मार्चपर्यंत. त्या झोपेत हृदयाचे ठोके मिनिटाला पाचेकवर येतात. वसंतात पिल्लं होतात. तेव्हा आईला मारलं तर पिल्लं बिळातच भुकेने मरणार. जुलैपर्यंत ती स्वतःची बिळं धरतात. शिवाय लसूणघासाची कापणी नुकतीच झालेली असते, म्हणून मुंडकं वर आलेलं दिसतं.

उन्हं कलल्यावर तुम्ही पलीकडच्या उतारावर पालथे पडता. बिळापासून अंतर दीडशे यार्ड. हातात पॉइंट-टू-टू-टू रेमिंग्टन, दोनच वर्षांपूर्वी बाजारात आलेलं काडतूस. नळीवर वीव्हरची चारपट दुर्बीण. गोळी हलकी, वेग सेकंदाला सुमारे ३,२०० फूट. तिची खुबी अशी की मातीवर आपटली तर बहुधा फुटून जाते, उसळून लांब जात नाही. वस्तीतल्या शेतांत हे फार मोलाचं. दुकानदाराने आधी स्वस्तातली साधी पॉइंट-टू-टू पुढे केली होती. पोरखेळ वाटणारी ती गोळी ठणठणीत जमिनीवरून उसळते आणि मैलभर जाऊ शकते.

डास चावतात. कोपराखाली खडा रुततो. तासभर काहीच घडत नाही. नवशिक्याला हेच सगळ्यात अवघड जातं. नेम शिकवता येतो, स्वस्थ पडून राहणं शिकवता येत नाही.

मग एक शिट्टी. तीक्ष्ण, लांबट. या शिट्टीवरूनच याला कुठे कुठे व्हिसल पिग म्हणतात. वरच्या धारेवर एक तपकिरी खुंट उभा राहिलाय, मागच्या पायांवर, पुढचे पाय छातीशी. दुर्बिणीत मिशा दिसतात. बोट चापावर जातं.

थांबा. त्याच्या मागे काय आहे?

आभाळ. आणि आभाळाच्या खाली, धारेच्या पलीकडे, तुम्हाला न दिसणारं शेजाऱ्याचं शेत, त्याचा रस्ता, कदाचित गाईंना आणायला निघालेली त्याची पोरगी. बोट काढा. खुंट डावी-उजवीकडे बघतो, खाली बसतो, दिसेनासा होतो. तुम्हाला चुटपुट लागते. लागू द्या. माझ्या मते हीच तुमची पहिली शिकार.

अर्ध्या तासाने दुसरा निघतो. खालच्या बिळापाशी, ढिगाच्या पुढ्यात, मागे अख्खी टेकडी. श्वास अर्धा सोडा. चाप ओढायचा नाही, दाबायचा.

आवाज टेकडीवरून परत येतो, ठप्प. लगेच धावू नका. बोल्ट मागे ओढा, काडतूस काढा, मग चाला.

उचलल्यावर वजन कळतं, चारेक किलो. पुढचे पांढरट दात जन्मभर वाढत राहणारे. याच राज्याच्या पश्चिमेला, पंक्सटॉनी गावात, १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला याच्याच जातभाईला मिरवत नेऊन हिवाळा किती उरला ते विचारतात. तुमच्या हातातला मात्र अजून गरम आहे, आणि ते तुम्हाला वाटलं होतं तितकं मजेचं नाही. मारून बांधावर फेकून जाणारे शिकारी पुष्कळ. तुम्ही तसं करू नका, घराकडे न्या. म्हाताऱ्याची बायको त्याच्या काखेतल्या गंधग्रंथी काढून टाकते, मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, उद्या मंद आचेवर शिजवणार.

निघताना म्हातारा फाटकापर्यंत येतो. "पुढच्या शनिवारी ये. उद्या नको." उद्या रविवार. १९५२ साली या राज्यात रविवारची शिकार बंद आहे, १८७३ पासून, आणि म्हातारा तर रविवारी ट्रॅक्टरलाही हात लावत नाही.

आता परत या. न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहत असाल तर मागच्या अंगणात बघा: कालपर्यंत कोवळी मेथी होती, आज नुसते दांडे. कुंपणाखाली ताज्या मातीचा ढीग. चौफेर बघा. टेकडी कुठेच नाही, चारी बाजूंना शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत. तेव्हा बंदुकीचा विचारही नको. तारेची जाळी आणा. जमिनीवर तीन फूट उंच, वरची कड सैल, कारण हा चढतोही. खाली फूटभर पुरायची, आणि पुरलेली कड बाहेरच्या बाजूला वळवायची.