गाडीची तहान

मोटारीचा इतिहास सांगताना आपण वेगाचे कौतुक करतो. पण जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची गोष्ट बरीचशी पाण्याची आहे.

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मॅनहाइमहून बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन माहेरी, फोर्झहाइमला निघाली. गाडी होती नवऱ्याने, कार्ल बेंझने बनवलेली, आणि निघाली तीही त्याला न सांगता! अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्या गाडीतले पाणी इंजिनाच्या उष्णतेने उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे, आणि त्यामुळेच इंजिन थंड राहायचे. म्हणून वाटेत दिसेल तिथे पाणी भरत जायचे. गाडी पाणी पिते ही तक्रार नव्हतीच. तो तिचा स्वभावच होता.

हा स्वभाव बदलला तो विल्हेल्म मायबाख यांच्यामुळे. १९००-०१च्या मर्सिडीज गाडीला त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या, त्यांतून खेळणारा वारा, आणि पाणी अवघे नऊ लिटर. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरू लागले.

तेलाची कथाही अशीच. १९०८मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तेल मोजायची पट्टी नव्हती. इंजिनाच्या तळाशी दोन तोट्या होत्या. चालकाने गाडीखाली वाकायचे आणि त्या उघडून बघायच्या. तेलाची पातळी दोन्ही तोट्यांच्या मध्ये असली म्हणजे ठीक. पुढे पट्टी आली, कपडे मळेनासे झाले. १९२०च्या दशकात काही गाड्यांचे ब्रेकही द्रवाच्या दाबावर चालू लागले, आणि बघायची आणखी एक बाटली वाढली.

आपल्याकडे घाट चढून आलेला ट्रक बॉनेट उघडून उभा आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन धावतोय, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. आता ते विरळ झाले. आणि नेमकी इथेच गफलत होते. आजच्या गाडीतले शीतक बंदिस्त असते. ते सहसा कमी होऊ नये. कमी झालेच, तर नुसते भरून भागत नाही, ते गेले कुठे हे विचारावे लागते. ब्रेकचे द्रव उतरले, तर एक तर ब्रेक झिजलेत, नाही तर कुठे गळती आहे. बर्थाबाईंच्या गाडीचा स्वभाव होता, तो आजच्या गाडीचा आजार आहे.

म्हणून सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी बॉनेट उघडावे. तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी, दोन खुणांमध्ये तेल दिसते का पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीच उघडू नये. दाबाखालची वाफ हात भाजते. विजेच्या गाडीला इंजिन ऑईल लागत नाही, पण ब्रेकचे द्रव तिलाही लागते आणि बहुतेक गाड्यांत बॅटरीसाठी शीतकही असते.

गाडी आता कमी मागते. कमी मागणाऱ्याकडे आपले लक्षही कमी जाते, घरातही आणि रस्त्यावरही. पाच मिनिटे द्यावीत, एवढेच.