तोरण, पट आणि टिचकी : कल्याणीच्या दरबारापासून टेबलावरच्या फुटबॉलपर्यंत

#थ्रेड

१/
दोन पक्ष, मैदानाच्या दोन टोकांना दोन तोरणे आणि मध्ये एक चेंडू. तो प्रतिपक्षाला चुकवून तोरणापार न्यायचा. हे वर्णन फुटबॉलच्या नियमपुस्तकातले वाटेल. पण ते आहे बाराव्या शतकातील एका संस्कृत ग्रंथातले, आणि हा ग्रंथ सिद्ध झाला तो आजच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारी. मैदानावरचा खेळ पटावर, पत्त्यांत आणि शेवटी टेबलावर कसा उतरला, हे पाहायचे तर आरंभ इथून करणे सोयीचे.

२/
ग्रंथाचे नाव ‘मानसोल्लास’. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद ‘भूलोकमल्ल’. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा राजधानीच्या अगदी निकटचा होता. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे त्या वैभवाची साक्ष देत आजही उभी आहेत. त्याहून मागे गेले तर राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘मागास’ या एका शब्दात मराठवाड्याची बोळवण करणाऱ्यांनी हा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

३/
ग्रंथात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ चा उल्लेख येतो. त्यावरून त्याचा काळ निश्चित होतो. रचना मोठी नेटकी आहे : पाच ‘विंशती’, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. राज्य कसे मिळवावे इथपासून मांडे कसे करावेत इथपर्यंत सारे काही त्यात आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातील पाककृतींमुळे आणि जुन्या मराठी गीतपंक्तींमुळे. त्यातील खेळांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

४/
चौथ्या विंशतीत ‘विनोद’ येतात. इथे विनोद म्हणजे विरंगुळा, करमणूक. मल्लयुद्ध, कोंबड्यांची झुंज, मेंढ्यांची टक्कर, गायन, नृत्य, कथा आणि त्यांतच ‘तुरगवाह्याली’, म्हणजे घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळ. वेताची काठी, कातड्याने मढवलेला चेंडू, दोन पक्षांचे स्वार आणि ती तोरणे. आजच्या भाषेत पोलो. कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला, ही गोष्ट शालेय पुस्तकांतही असते. सोमेश्वराचे वर्णन त्याहून सुमारे ऐंशी वर्षे आधीचे आहे. सुलतानांच्या पूर्वीही दख्खनच्या दरबारात हा खेळ नियमांसह रुजलेला होता, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते.

५/
इथे एक ठेच सांभाळायची आहे. ‘फुटबॉल भारतात जन्मला’ अशी चित्रे समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात, आणि मानसोल्लासातील हे प्रकरण त्या कारखान्याला आयताच कच्चा माल ठरेल. तो देऊ नये. तुरगवाह्याली हा पायाने खेळायचा खेळ नव्हे, आणि आधुनिक फुटबॉलशी त्याचे कोणतेही वंशनाते नाही. फुटबॉलचे नियम बांधले गेले ते १८६३ मध्ये लंडनच्या एका खानावळीत भरलेल्या सभांतून. चेंडू दोन खांबांमधून नेण्याची कल्पना माणसाला अनेक ठिकाणी सुचली. इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकात चौगानचे दगडी खांब आजही उभे आहेत. साम्य म्हणजे वारसा नव्हे. सोमेश्वराचा ग्रंथ मोलाचा ठरण्यासाठी त्याला फुटबॉलचा आजा करण्याची गरज नाही.

६/
खरी गंमत पुढच्या, पाचव्या विंशतीत आहे. तिचे नावच ‘क्रीडा’. वनक्रीडा, जलक्रीडा, झोपाळा, चांदण्यातील खेळ, उखाणे, आणि त्यानंतर चार बैठे खेळ : चतुरंग, पाशक, वराटिका, फंजिका. चतुरंग म्हणजे बुद्धिबळ, पाशक म्हणजे फाशांचा खेळ, वराटिका म्हणजे कवड्यांचा. मैदानावर घोडे दौडवणारा राजाच पटावर लाकडी घोडा कसा सरकवावा हेही लिहून ठेवतो, आणि दोन्ही गोष्टींना तो सारखेच गांभीर्य देतो.

७/
या मजकुराच्या छपाईची कथाही सांगण्यासारखी आहे. ग. के. श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत मानसोल्लास संपादित केला. पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा, ज्यात हे बैठे खेळ येतात तो, १९६१ मध्ये. पहिल्या आणि तिसऱ्या खंडांत छत्तीस वर्षांचे अंतर! त्यामुळे बुद्धिबळाच्या इतिहासाच्या चर्चेत सोमेश्वर फार उशिरा आला. आंद्रेआस बॉक-रामिंग या जर्मन संस्कृतज्ञाने त्यातील चतुरंगाच्या श्लोकांचा अनुवाद व भाष्य प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले.

८/
चतुरंग हा युद्धाचा पट. हत्ती, घोडे, पायदळ, प्रधान. रणांगणावर सारे एकाच वेळी घडते : धूळ, आरोळ्या, पळापळ. पट त्या गोंधळाला एक शिस्त लावतो. आधी तू, मग मी. युद्धाचे तुकडे पाडून त्यांना पाळीपाळीने खेळायला लावणे, हा या खेळाचा मूळ शोध. हा मुद्दा लक्षात ठेवावा. आठशे वर्षांनी फुटबॉल टेबलावर आणताना हीच अडचण पुन्हा उभी राहिली.

९/
मध्ये पत्त्यांचा एक थांबा घ्यायला हवा. नांदेडच्या पूर्वेस, आज तेलंगणात असलेले निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे; तेथील नक्काश कारागीर गंजिफाही रंगवत. मोगली गंजिफात आठ रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण ९६. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा दहा रंगांचा, १२० पानांचा. प्रत्येक रंगात वर राजा, त्याखाली प्रधान आणि मग एक ते दहा. संपूर्ण दरबारच हातात मावतो. आजच्या ट्रम्प कार्डांत खेळाडूंच्या धावा, बळी किंवा गोल यांची तुलना करून पान जिंकले जाते, त्यात फारसे वेगळे काय आहे? मीर आणि वजीर गेले, सेंटर फॉरवर्ड आला. उतरंड तीच राहिली.

१०/
आता खऱ्या फुटबॉलकडे. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली, पण हैदराबाद राज्य मात्र १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकले, आणि मराठवाड्याचे पाचही जिल्हे तोवर त्यातच होते. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा १९८२ चा.) ही आठ वर्षे मराठवाड्याच्या लोकप्रिय इतिहासातून बहुधा निसटतात. मुक्तिसंग्राम संपतो आणि कथा एकदम संयुक्त महाराष्ट्रावर उडी घेते.

११/
नेमक्या याच आठ वर्षांत हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची राजधानी झाली. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० मध्ये मोहन बागानला हरवून ड्युरँड चषक जिंकला. मुंबईचा रोव्हर्स चषक तर १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. त्या काळी नांदेडची रेल्वे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची, म्हणजे थेट हैदराबादकडे तोंड केलेली. लातूरची बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी, कुर्डुवाडीमार्गे मुंबईकडे तोंड केलेली. एका गावाला संघाच्या घरी नेणारी वाट, दुसऱ्याला त्या संघाने मैदान मारलेल्या शहराकडे जाणारी.

१२/
आणि मग ती तारीख. १ नोव्हेंबर १९५६ ला नांदेड, लातूरसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. संघात नूर महंमद, तुळसीदास बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते. पुढे उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. मराठवाड्याचे जुने राज्य आणि नवे राज्य त्या दिवशी एकाच जर्सीत होते.

१३/
पण मेलबर्न कुठे आणि नांदेड कुठे? मैदान आणि चाहता यांच्यातील या अंतरातच टेबलावरचे फुटबॉल जन्माला येते. ब्राझीलमध्ये व हंगेरीत मुले कोटाची बटणे ढकलून सामने खेळत. १९३० मध्ये जेराल्दो देकूर याने ब्राझीलच्या बटण-फुटबॉलचे नियम छापले. इंग्लंडमध्ये पीटर अडॉल्फने ‘सबुटिओ’ काढला. त्याची जाहिरात १९४६ ची, आणि पहिले संच ग्राहकांच्या हाती पडले १९४७ मध्ये. महायुद्ध नुकतेच सरलेले, मालाची टंचाई. म्हणून त्याने संचात मैदान दिलेच नाही; खडू दिला. घरातल्या लष्करी घोंगडीवर रेघा ओढून मैदान आपले आपण आखायचे!

१४/
सबुटिओतले खेळाडू बोटाच्या टिचकीने चालतात. कॅरम खेळणाऱ्या बोटांना हे शिकवावे लागणार नाही. पाळीचा प्रश्नही सुबक सुटला : खेळाडूचा चेंडूला स्पर्श होत राहिला की पाळी तुमचीच, मात्र एकाच खेळाडूला सलग तीनच टिचक्या. चेंडू चुकला की पाळी गेली. चतुरंगाने युद्धाचे जे केले, तेच इथे फुटबॉलचे झाले.

१५/
क्रिकेटला एवढे सायास पडले नाहीत. एकेक चेंडू सुटा असतो, प्रत्येकाचा निकाल एका आकड्यात मावतो. म्हणून मागच्या बाकावर पाठ्यपुस्तक उघडायचे, पृष्ठाचा शेवटचा अंक पाहायचा आणि तेवढ्या धावा मोजायच्या. बुक क्रिकेट हा जगातला बहुधा सर्वांत स्वस्त क्रीडापट. बुक फुटबॉल मात्र कोणी काढले नाही, कारण वाहता खेळ आकड्यात पकडता येत नाही. त्याला माणसे लागतात, मग ती बटणाची का असेनात.

१६/
फूसबॉलचे, म्हणजे दांड्यांवर खोवलेल्या खेळाडूंच्या टेबलाचे, पेटंट इंग्लंडमध्ये हॅरोल्ड थॉर्नटनने १९२० च्या दशकाच्या आरंभीच घेतले होते. स्पेनमध्ये मात्र या खेळाचे नाव जोडले जाते ते आलेहांद्रो फिनिस्तेरे या कवीशी. १९३६ मध्ये माद्रिदवरील बाँबहल्ल्यात हा किशोर जखमी झाला. रुग्णालयात त्याच्याभोवती अशी मुले होती, जी पुन्हा कधी चेंडूमागे धावू शकणार नव्हती. फिनिस्तेरेने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांच्यासाठी त्याने टेबलावरच्या फुटबॉलची कल्पना मांडली आणि आल्तुना नावाच्या बास्क सुताराने ते टेबल घडवले. १९३७ मध्ये पेटंटही घेतले. यादवी युद्धात हार झाल्यावर तो पायी पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्सकडे निघाला. वाटेत पावसाने गाठले. त्याच्याच शब्दावर विसंबायचे तर, पिशवीतील पेटंटच्या कागदांचा त्या पावसात लगदा झाला.