वारा फुकट, भूमि कोणाची?

राजगुरुनगराहून, म्हणजे पूर्वीच्या खेडाहून, भीमेच्या उगमाच्या दिशेनें जाऊं लागलें कीं सह्याद्रीच्या रांगा जवळ येतात. आषाढांत या रांगांवरून घोंघावणारा वारा येतो समुद्रावरून. पण त्याला ओढून घेणाऱ्या कारणांत दूरच्या थरच्या वाळवंटाचा मोठा वांटा आहे. उन्हाळ्यांत वाळवंट तापतें, तेथील हवा हलकी होऊन वर चढते, आणि ती उणीव भरून काढण्यास समुद्रावरचे वारे धांव घेतात.

वारा धरण्याचा एक प्रचंड उद्योग त्या वाळवंटांतच उभा राहिला. जेसलमेरच्या परिसरांत २००१ सालीं त्याचा आरंभ झाला, आणि २०१२ पर्यंत तेथील पवनचक्क्यांची एकत्रित शक्ति १,००० मेगावॅटांवर गेली. भूमि ओसाड, वारा फुकट. मग हानि ती कोणाची, असा हिशेब सहज सुचण्यासारखा होता. परंतु दप्तरांत जी भूमि पडीक ठरते, तिच्यावर गुरें चरतात, देवाच्या नांवानें राखलेलीं ओरणें असतात, आणि माळढोक पक्ष्याचा शेवटचा मोठा आसराहि तेथेंच आहे. विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरूं लागले, तेव्हां २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तारा भूमीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ सालीं तो सरसकट आदेश न्यायालयानेंच शिथिल केला.

ओसाड माळाची ही कथा खेड-मावळच्या हिरव्या डोंगरांवरहि घडली. भीमाशंकर अभयारण्याजवळच्या माथ्यावर पवनचक्क्यांसाठीं जवळजवळ २०० हेक्टर वनभूमि देण्यांत आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ च्या अहवालांत या प्रकरणाची नोंद केली आहे. येथें सदाहरित वन आहे, शेकरूचें वास्तव्य आहे, म्हणून परवानगी देऊं नये, असें जागेवरील वनाधिकाऱ्यानें लिहिलें होतें. वरिष्ठांनीं तें डावललें. पुढें उभ्या चढणीचे कच्चे रस्ते खोदले गेले, दरडी कोसळल्या, आणि राडारोडा शेतांत व जलाशयांत उतरला. पिढ्यान् पिढ्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांचे वनहक्क मान्य झाले नाहींत. उलट त्यांनाच तेथें फिरण्यास अटकाव झाला.

या मुलुखास हा अनुभव अगदींच नवा नव्हता. आंध्र खोऱ्यांतील पाणी ठोकरवाडीस अडवून, घाटाखालीं भिवपुरीस सोडून, १९२२ सालीं मुंबईसाठीं वीज निर्माण होऊं लागली. त्याच्या आदल्याच वर्षीं मुळशीच्या मावळ्यांनीं आपलीं वडिलोपार्जित शेतें बुडूं नयेत म्हणून अशाच एका धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, व सेनापति बापट त्यांच्या अग्रभागीं उभे राहिले. १९२४ पर्यंत तो लढा मावळला. धरण मात्र झालें.

पवनचक्की कोळसा जाळीत नाहीं, धूर ओकीत नाहीं. चाकणच्या कारखान्यांस वीज लागतेच. दोष वाऱ्याचा नव्हे, कीं यंत्राचाहि नव्हे. दोष आहे तो ज्या हिशेबांत भूमीवरील माणूस आणि पाखरूं शून्य धरलें जातें, त्या हिशेबाचा. मुळशीपासून जेसलमेरपर्यंत तो एकदांहि बरोबर उतरलेला नाहीं.