लोखंड्यांच्या पाच मागण्या आणि आमची प्रसिद्धिपत्रके



कामगारांच्या सभेत एक तक्रार हमखास ऐकू येते. वर्तमानपत्रवाले आमचे छापत नाहीत, ते मालकांचे आहेत. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जाहिरात देणाऱ्याचा शब्द संपादकाच्या टेबलावर जड पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेवढ्यावर हात झटकून मोकळे होणे बरे नव्हे. ज्या काळी कामगाराला मत नव्हते, संघटनेला कायद्याचा आधार नव्हता आणि गिरणीत राबणाऱ्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती, त्या काळी एका माणसाने त्यांचे गाऱ्हाणे सरकार आणि मालक या दोघांच्याही पुढ्यात नेऊन ठेवले. तो माणूस आपल्या ठाण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली येथे झाला.

छापील अक्षर आपल्या या भागाला तेव्हाही नवे नव्हते. कल्याणला सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून होते. ठाण्याहून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ साली निघाले. पण वाचणाऱ्यांचे जग वेगळे आणि मुंबईच्या गिरण्यांत सूत काढणाऱ्यांचे जग वेगळे. या दोहोंमध्ये पूल बांधायला दोन्हीकडचा माणूस हवा होता. लोखंडे तसे होते. मांडवीच्या गिरणीत भांडारपालाचे काम केल्यामुळे त्यांनी गिरणी आतून पाहिली होती आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत ते वाढले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र १८८० साली लोखंड्यांनी मुंबईत चालवायला घेतले.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाच्या तासांना काही मर्यादा घातली, प्रौढ कामगाराला मात्र वाऱ्यावर सोडले. १८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंड्यांनी ही संधी अचूक हेरली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २३ व २६ तारखांना त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, निवेदन तयार केले आणि त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या.

त्या निवेदनातल्या मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो जन्माचा जायबंदी झाला त्याच्या पोटाची सोय व्हावी.

श्रोतेहो, या पाच वाक्यांकडे जरा नीट पाहा. त्यांत एकही विशेषण नाही. मालक रक्तपिपासू आहेत असे कोठे म्हटलेले नाही. पण वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. ज्याने गिरणी कधी पाहिली नाही त्या वाचकालाही उलटा हिशेब करता येतो: म्हणजे आज यांना रविवार नाही, दुपारचा विसावा नाही आणि पंधरवडा उलटला तरी पगाराचा पत्ता नाही! राग लिहिणाऱ्याने कागदावर सांडला नाही, म्हणून तो वाचणाऱ्याच्या मनात उपजला. शिवाय मागणाऱ्यांचा आकडा सोबत होता आणि सरकार ज्या विषयावर कान देऊन बसले होते त्याच विषयावर, त्याच वेळी हे निवेदन गेले. बातमीला जे जे लागते ते सारे त्या कागदात होते.

आणि हे कोणाच्या बळावर? त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांचा पट नव्हता, निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते. जमेची बाजू एवढीच की लिहिलेला शब्द खरा होता आणि त्याच्यामागे माणसे उभी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. साप्ताहिक सुटीची मागणी गिरणीमालक संघाकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास या दोन्ही गोष्टी आल्या. आज डोंबिवलीचा चाकरमानी रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळतो, त्याच्या मुळाशी हा कागद आहे.

आता जगाकडे वळू. प्रसिद्धिपत्रकाचा इतिहास सांगताना बहुधा अमेरिकेतील आयव्ही ली यांचे नाव घेतात. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात पडून पन्नासहून अधिक माणसे दगावली. ली हे त्या रेल्वे कंपनीचे सल्लागार होते. लपवाछपवी करण्याऐवजी त्यांनी कंपनीच्या वतीने पत्रक काढून माहिती स्वतःच वृत्तपत्रांना पुरवली. युक्ती चांगली होती, पण ते पत्रक अपघातानंतरचे होते आणि कंपनीचे होते. त्याच्या बावीस वर्षे आधीचा लोखंड्यांचा कागद कामगारांचा होता आणि जायबंदी होणाऱ्याची तरतूद आधी करा असे सांगणारा होता. माझ्या मते सारा फरक येथे आहे.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली, मैलभर काचा फुटल्या. त्या दिवशी प्रसिद्धिपत्रकाची गरज कोणालाच नव्हती; बातमीदार आपल्या पायांनी आले. प्रश्न आदल्या दिवसाचा आहे. धोका कामगाराला दिसत असतो तेव्हा तो छापून येईल असे लिहितो कोण? आमच्याकडची पत्रके बहुधा 'तीव्र निषेध' या शब्दांनी सुरू होतात, मधे पाच पुढाऱ्यांची नावे येतात आणि कारखान्यात नेमके काय बिघडले आहे ते शेवटच्या ओळीत, तेही मोघम. उपसंपादकाने ते टोपलीत टाकले तर दोष त्याचा एकट्याचा म्हणता येणार नाही. त्याच्या हाती वेळ थोडा आणि रकाना अपुरा.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. पहिल्या ओळीत काय घडले, कोठे, कधी आणि किती माणसांना त्याची झळ, हे लिहा. दुसऱ्या ओळीत मागणी, अशी की जी मान्य झाली की नाही हे उद्या कोणालाही तपासता येईल. आकडा हजेरीपटावरून घ्या, अंदाजाने फुगवू नका. एकदा खोटा ठरलेला आकडा पुढच्या दहा पत्रकांचा विश्वास घालवतो. बोलायला तयार असलेल्या कामगाराचा शब्द द्या, पण त्याची नोकरी धोक्यात येणार असेल तर नाव देऊ नका. आणि ज्या दिवशी विधिमंडळात, महापालिकेत किंवा न्यायालयात तो विषय निघणार असेल, त्याच्या आधी कागद पोहोचवा.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. पुढे २००५ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. तिकीट काढून त्यांचा सन्मान झाला, ते योग्यच झाले. परंतु आज कंत्राटी कामगाराला पगाराची तारीख आणि दुपारची सुटी पुन्हा मागावी लागत असेल, तर त्या पाच वाक्यांइतके स्वच्छ लिहिणारा एक तरी माणूस प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर असावा, एवढेच मी या व्यासपीठावरून मागतो.