'एर्झाट्स' : बदली की नकली?



आज एका जर्मन शब्दाविषयी. 'एर्झाट्स' म्हणजे एकाच्या जागी दुसरे, बदली. जर्मनीत यंत्राच्या सुट्या भागालाही 'एर्झाट्सटाइल' म्हणतात. त्यात कमीपणा काहीच नाही. इंग्रजीत मात्र हाच शब्द 'हलक्या प्रतीचा, नकली' अशा अर्थाने रुळला. असे का झाले?

त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धातल्या स्वयंपाकघरात आहे. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रावरून होणारी आयात अडवली. धान्य, चरबी, कॉफी, कापूस सगळेच आटले. मग पावात बटाटा मिसळू लागले. चिकोरीची मुळे, सातू, ओकची फळे भाजून 'कॉफी' झाली. कागदाच्या धाग्याचे कापड निघाले. १९१६ मध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले, आणि तो हिवाळा लोकांनी एरवी जनावरांना घालायच्या सलगमासारख्या कंदावर काढला. त्या हिवाळ्याचे नावच 'सलगम हिवाळा' पडले. रांगेत तासन् तास उभ्या असत त्या बायकाच.

कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर, जे पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, त्यांनी तर सोयापिठाचे सॉसेज तयार केले. मांसाशिवाय सॉसेज! जर्मनीने त्याला पेटंट नाकारले, शत्रू असलेल्या ब्रिटनने ते १९१८ मध्ये दिले.

पण बाजारात सगळेच असे प्रामाणिक नव्हते. बदलीच्या नावाखाली निकस माल चढ्या भावाने खपू लागला. शेवटी १९१८ मध्ये सरकारला अशा खाद्यपदार्थांसाठी परवानगी सक्तीची करावी लागली. शब्द बदनाम झाला तो असा.

आपल्याकडे दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणतो. पण ताकाला कोणी नकली दूध म्हणत नाही, कारण ते ताक म्हणूनच वाढले जाते. चिकोरीचेही तसेच. डब्यावर प्रमाण छापून कॉफीत घातली तर ती मिश्रण, लपवून घातली तर भेसळ. वाणिज्य शाखेत शिकताना 'पर्यायी वस्तू' हा धडा होता. त्यात भाव आणि मागणी होती, ही सचोटी मात्र नव्हती.

अडचणीत बदली करणे हा गृहिणीचा हुन्नर आहे, त्यात लाज कसली? फक्त पानात काय वाढले आहे, ते खाणाऱ्याला ठाऊक असावे.