कमानीचा धर्म

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात, साखरशेताकडे जाताना, गाडी ब्रेक सांभाळतो असे आपण समजतो. पण चाकच जमीन सोडून उडाले तर ब्रेक काय धरणार? चाक जमिनीवर टेकलेले ठेवणे हा कमानीचा धर्म. तो उमगायला माणसाला फार काळ लागला.

बैलगाडीत आसाचा दणका थेट साट्याला बसे. 1804 च्या सुमारास ऑबडाया इलियट या इंग्रज कारागिराने दोन पोलादी कमानी तोंडाला तोंड लावून घोडागाडीखाली बसवल्या. मोटारीत मात्र पुढची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली राहिली. एक खड्ड्यात गेले की दुसरे कलंडे. 1930 नंतर ती सर्रास सुटी होऊ लागली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट 1100, म्हणजे मुंबईची जुनी टॅक्सी, अशीच होती : पुढे वेटोळ्या स्प्रिंगा, मागे पाटे.

आजही जादा माल भरण्यासाठी मालमोटारीला एक पाटा वाढवतात आणि त्याला सुधारणा म्हणतात. रिकामी गाडी मग उतारावर उसळते, ब्रेक हुकतो, चालकाचा मणका झिजतो. आम्ही कामगारांच्या सभांतून सांगत आलो आहोत : पाटे ठरल्या वजनापुरतेच असावेत, शॉकॲब्झॉर्बर शाबूत असावा. ताठरपणा म्हणजे बळकटी नव्हे.