नवेगावबांध : उलट्या दिशेची एक रात्र

सॅक खाली ठेवा. खांदे दुखत असतील. गावापासून इथवर पाण्याच्या बाटल्या, तंबू आणि दोघांपुरता शिधा तुम्हीच वाहून आणलाय. जानेवारीचा सूर्य टेकडीआड गेला की इथली थंडी लगेच अंगाला झोंबते, तेव्हा तंबू आधी उभारा आणि चहाचं नंतर बघा.

जंगलात आत मुक्काम करता येत नाही. डिसेंबर 2013 पासून नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झालाय आणि अंधार पडायच्या आत पर्यटकांनी बाहेर यायचं असतं. म्हणून तुम्ही तलावाच्या अलीकडच्या अंगाला, परवानगी मिळालेल्या जागेत आहात. शेकोटी नाही. खाण्याचा डबा तंबूत नाही, कारण अस्वलाचं नाक माणसापेक्षा तिखट असतं. पावसाळ्यानंतर पाणी थोडं मागे सरलंय आणि काठाची जमीन उघडी पडलीय. तुम्हाला हीच जागा आवडली, कारण तंबूचं तोंड थेट तलावाकडे उघडतं.

समोर बघा. तलावाला कडं करून उभ्या असलेल्या टेकड्यांना इथली माणसं सात बहिणी म्हणतात. पाण्यावर अडई शीळ घालत उतरतायत, त्यांच्या पलीकडे तलवार बदकांचा मोठा थवा आहे. कुठं विजेचा खांब नाही, भिंत नाही. हे सगळं देवानं घडवलं आणि तसंच ठेवून दिलं, असं वाटतंय ना? वाटू द्या. स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढा.

टिटवी कर्कश ओरडते आणि तुम्ही जागे होता. डोक्यावर तंबू नाही. अंगाखाली गवताची गादी, अंगावर काळी घोंगडी. क्षितिजावर गावाच्या दिव्यांचा जो पिवळट उजेड होता तो गेलाय, त्यामुळे चांदण्या दुपटीनं वाढल्यासारख्या दिसतात. खिशात मोबाइल नाही, चार-आठ आण्यांची नाणी आहेत. 1970 नंतरचं एखादं वर्ष असावं. हा मुलूख अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागेल.

तलावाच्या पाळीवरून कंदील येतोय. दोन माणसं आहेत. एक खाकीतला वनाधिकारी, मूळचा सोलापूरचा. दुसरे गावचे माधवराव पाटील. बंदूक खाली ठेवून पाखरांच्या मागे लागलेला हा जुना शिकारी. पाटील थांबतात, कान देतात, पाण्याकडे बोट करतात. अधिकारी वहीत काहीतरी टिपतो. तुम्हाला फक्त बदकांची कलकल ऐकू येते. त्या दोघांना त्यात कोण कुठून आलंय, किती दिवस राहील आणि आज का अस्वस्थ आहे हेही ऐकू येतं. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकलेला हा माणूस पुढची विद्या इथं शिकतोय, ढिवर, गोंड आणि पाटलांच्या तोंडून. मारुती चितमपल्ली या नावानं तो पुढे ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहील आणि पुण्या-मुंबईचे वाचक हा तलाव न बघताही ओळखू लागतील. 1975 मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान जाहीर होईल. त्यांना हाक मारायचा मोह आवरा. पाखरं उठतील.

डोळे मिटा. आता जागं करतो तो वास.

गुळाचा आहे. दाट, किंचित करपलेला, थंड हवेत जमिनीलगत रेंगाळणारा. पाळीच्या खालच्या अंगाला चुलवण पेटलंय, कढईत रस उकळतोय आणि बैल घाण्याभोवती फिरतायत. ऊस कोहळी जातीच्या शेतकऱ्यांचा. पाळीच्या मागं भाताच्या बांध्या आणि उसाचे वाफे लांबवर पसरलेत. आता 1910 च्या आसपासचा काळ आहे, मध्य प्रांतात इंग्रजांचा अंमल आहे. रसेल आणि हिरालाल यांचा जातिजमातींवरचा जाडजूड ग्रंथ 1916 मध्ये छापून येईल. त्यात या तलावाची नोंद असेल : क्षेत्र पाच चौरस मैल, घेर सतरा मैल. आणि हेही असेल, की इथले मोठे तलाव कोहळ्यांच्या हातचे.

घोंगडी गुंडाळून पाळीवर चढा. मातीची पाळ, दगडांनी आतून मढवलेली, दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत ठोकलेली. एवढा मोठा तलाव आणि पाळ त्या मानानं आखूड. बाकीचं पाणी टेकड्यांनीच अडवलंय. ज्यानं ही जागा निवडली त्याला जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं कळत असणार.

तुडुमाशी एक ढिवर बसलाय, जाळं मांडीवर. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. पातळी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं, म्हणजे पाणी हिशेबानं जातं. जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, निघून जातं, पाळीला धक्का लागत नाही.

‘‘कोन्या गावचे जी?’’ तो विचारतो.

तुम्ही सांगता, लांबून आलोय, रानात एक रात्र काढायला.

तो मान वर करून बघतो, तुमच्या घोंगडीकडे, मग तुमच्या तोंडाकडे. ‘‘रान तं तिकडं हाये जी,’’ टेकडीपलीकडे हात करून तो सांगतो, ‘‘हा तं तलाव हाये.’’

आणि पुन्हा जाळ्याची गाठ मारू लागतो. उसाला पाणी कधी सोडायचं, कोणाच्या बांधीत आधी, फुटकी पाळ बुजवायला कोणाच्या घरची माणसं यायची, हे सगळं इथं ठरलेलं आहे. कधी भांडून, कधी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या वाड्यावर बसून. बदकं इथं उतरतात, कारण इथं पाणी आहे. आणि पाणी आहे, कारण दर उन्हाळ्यात कोणीतरी पाळीवर माती टाकतं. ही घडी पुढं मोडेल. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी जाईल, तलाव सरकारकडे येतील आणि गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न गावोगाव वर्षानुवर्षं लोंबकळत राहील. ढिवराला यातलं काही ठाऊक नाही. तो तुम्हाला गुळाचा गरम खडा देतो. खा. उतरा आणि आपल्या जागेवर जाऊन आडवे व्हा.

तिसऱ्यांदा जागे होता तेव्हा थंडी नाहीच. अंग घामानं चिकट झालंय. जेठाचा महिना, पहाट, झुळूकही नाही. तुम्ही उठून पाण्याकडे तोंड करता आणि समोर पाणी नाही.

खाली दरी आहे. साजा-धावड्याची झाडं, मध्ये सुकलेला नाला, नाल्यात दोन-तीन डबकी. बदकं नाहीत, कमळं नाहीत, अडईची शीळ नाही. सात टेकड्या मात्र तशाच आहेत. अठराव्या शतकाची सुरुवात, गोंड राजांचा मुलूख. जंगल तोडून गाव वसवावं, तलाव बांधावा आणि त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन कसावी, असा या राजांचा रिवाज सांगतात. कोहळी आपलं मूळ काशीकडचं सांगतात. काशीहून परतताना चांद्याच्या गोंड राजानं पाणी अडवणाऱ्या या लोकांना सोबत आणलं, अशी त्यांची कथा आहे.

खिंडीत माणसांची रांग लागलीय. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत माती. एक थर पडला की बायका-पुरुष तो पायांनी तुडवतात, मग दुसरा. बांध खिंडीच्या उंचीला येत चाललाय. वर उभा राहून हात करणारा तो कोलू पाटील कोहळी. मेल्यावर त्याचा देव होईल. कोलासूर म्हणून माणसं त्याला पुजतील आणि बांध टिकावा म्हणून सात बहिणींनी त्याला हात दिला, असं नातवंडांना सांगतील. आत्ता तो घामानं निथळलेला आणि चिडलेला माणूस आहे. पश्चिमेला ढग जमतायत आणि काम उरलंय.

रांगेतला एक जण तुमच्यापाशी थांबतो. तुम्ही झोपला होतात ती जागा बघतो, मग खिंडीतला बांध, मग पुन्हा ती जागा. मनातल्या मनात पातळी लावतोय.

‘‘येथी कायले निजला गा?’’ तो ओरडतो. ‘‘पानी भरल येथी!’’

वर बांधावरून कोणीतरी हाक देतं. तो आपली टोपली तुमच्या डोक्यावर ठेवतो, चुंबळही देत नाही, आणि दुसरी भरायला वळतो. माती ओली आहे, जड आहे, मानेवरून पाठीत गळतेय. वाहून आणलेल्या सॅकचं वजन तुम्ही स्वतःसाठी उचललं होतं. ही टोपली ज्या भातासाठी, ज्या उसासाठी, ज्या ढिवरासाठी आणि ज्या बदकांसाठी आहे, त्यातलं काहीच अजून इथं नाही.

रांग पुढं सरकतेय. मागच्याचा पाय तुमच्या टाचेला लागतो. चला, बांधाकडे.